जुन्या गाडीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवताय? आधी हे वाचा

जयनगरच्या जुन्या ब्लॉक्समधून सकाळी फिरायला निघालात, तर एखाद्या घराच्या पोर्चमध्ये कापडी कव्हरखाली झाकलेली गाडी अजूनही दिसते. कव्हरखाली फियाट असते, अँबॅसेडर असते, कधी स्टँडर्ड हेराल्ड किंवा फोक्सवॅगन बीटल. १९४८ मध्ये आखणी झालेल्या या वसाहतीत रुंद रस्ते होते, घरापुढे जागा होती, त्यामुळे आजोबांची गाडी भंगारात न जाता तिथेच राहिली. आता नातवंडांना ती चालवायची हौस असते.

रविवारी सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. लालबागपर्यंत मस्त धावते. परतताना साउथ एंड सर्कलला सिग्नलवर दहा मिनिटं अडकली, की गचके देते आणि बंद पडते. मागून हॉर्न वाजू लागतात. अर्ध्या तासाने, काहीच झालं नाही अशा थाटात ती पुन्हा सुरू होते. मग कोणीतरी सांगतं, “इलेक्ट्रिक पंप टाका, कटकट मिटेल.”

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. पंप बसवणं हे एका दिवसाचं काम आहे. मात्र जुना पंप काढताना त्याच्याबरोबर गाडीतली एक सुरक्षाही निघून जाते आणि ती परत बसवायची असते, हे फार कमी जण सांगतात. तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी सगळ्यांनी मिळून हे वाचून घ्या.

पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत कसं पोचतं?

अगदी सुरुवातीच्या काही गाड्यांना पंपच नव्हता. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीची टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल उतारावरून वाहत इंजिनापर्यंत जायचं. टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ लागला, की लोक गाडी रिव्हर्समध्ये चढवायचे, म्हणजे टाकी इंजिनापेक्षा उंच राहायची!

पुढे टाकी मागे गेली आणि पंप आला. आपल्याकडच्या फियाटमध्ये तो इंजिनाच्या अंगालाच बोल्टने बसवलेला असतो. इंजिनातला कॅमशाफ्ट फिरला, की पंपाचा दांडा खालीवर होतो. दांडा रबरी डायफ्रॅम ओढतो, पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग डायफ्रॅम परत ढकलते, पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. दोन छोटे व्हॉल्व्ह पेट्रोलला उलटं फिरू देत नाहीत. कार्ब्युरेटरची वाटी भरली, की आतला फ्लोट वर येतो, नीडल व्हॉल्व्ह बंद होतो आणि पंप आपोआप सबुरीने घेतो.

यात वायर नाही, स्विच नाही. इंजिन फिरतं तोवर पंप चालतो आणि इंजिन थांबलं, की पंपही थांबतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

इलेक्ट्रिक पंप ही काही कालची गोष्ट नाही. मॉरिस मायनरला कारखान्यातूनच एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप यायचा. चावी फिरवली, की तो टिकटिक करायचा आणि वाटी भरली, की गप्प व्हायचा. त्यामुळे तुम्ही जुन्या गाडीला काही अघोरी करत आहात असं मनात आणू नका.

फियाटचं बंगळुरूशी नातं

सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्टची सुरुवात केली. आजच्या एचएएलचं मूळ ते. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तिला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं हे साधं इंजिन कितीतरी घरांचा पहिला मोटार-अनुभव होतं. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपल्याने निवृत्त झाली. आता उरल्या आहेत त्या घरोघरी जपलेल्या गाड्या. म्हणूनच त्यातली एकही निष्काळजीपणाने जळता कामा नये.

मग गाडी गरम झाल्यावर बंद का पडते?

पंप इंजिनाला चिकटलेला, म्हणून तो तापतो. गाडी धावत असताना वारा लागतो. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली, की बॉनेटखाली उष्णता कोंडते, पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफच दाबत बसतो. कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. खंडाळ्याच्या घाटात पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले फियाटवाले घरातल्या मोठ्यांना नक्की आठवत असतील. ते याच दुखण्यावरचं औषध होतं.

बंगळुरूची हवा थंड, मग इथे हे का व्हावं? एक कारण ट्रॅफिक. दुसरं कारण उंची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे कोणताही द्रव थोड्या कमी तापमानालाच उकळतो. त्यात जुना पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना पाइपातला दाब आणखी कमी होतो, म्हणजे वाफ व्हायला आणखी सोपं.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब बसतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. दाबाखालच्या पेट्रोलची वाफ लवकर होत नाही. फायदा आहे तो इथे. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, तेव्हा सेल्फ मारून मारून बॅटरी संपवावी लागत नाही, हा वरचा फायदा.

तिसरं कारण पेट्रोलमध्येच आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूतच, इंडिया एनर्जी वीकमध्ये, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलची सुरुवात झाली. आता ते सर्वत्र मिळतं. जुन्या गाड्यांचे डायफ्रॅम, होज पाइप आणि पॅकिंग अशा पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. इथेनॉलमुळे जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरायला मदत होते.

आधी खात्री करा: दोष पंपाचाच आहे का?

गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू. हे लक्षण पंपाचं असू शकतं, तसंच इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सरचंही असतं. म्हणून खर्चाआधी या गोष्टी तपासून घ्या.

• गाडी बंद पडली, की प्लगला ठिणगी येते का ते मेकॅनिककडून पाहून घ्या. ठिणगीच नसेल तर नवा पंप काय करणार?

• टाकीचं झाकण उघडा. ‘हुश्श’ असा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. साफ केलं की काम झालं.

• फिल्टर आणि टाकीतली जाळी पाहा. जुन्या टाकीतला गंज आणि गाळ नव्या पंपालाही दोन दिवसांत गुदमरवेल.

• पंपाच्या खाली ओल दिसते का? ऑइलच्या दांडीला पेट्रोलचा वास येतो का, पातळी वाढली आहे का? तसं असेल तर डायफ्रॅम फाटला आहे आणि पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि आत साठलेली वाफ पेट घेऊ शकते.

• डायफ्रॅमच खराब असेल, तर इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचं रिपेअर किट मिळतं का ते पाहा. बंगळुरूत जे. सी. रोड, पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत विचारा. गाडी वर्षातून चार वेळाच निघत असेल, तर चांगला दुरुस्त केलेला जुना पंपही पुरतो.

इतकं करूनही ट्रॅफिकमध्ये गाडी अडत असेल, तर इलेक्ट्रिक पंपाकडे वळा.

कोणता पंप घ्यायचा?

मोठी गफलत इथेच होते. दुकानदार म्हणतो, “मारुतीचा पंप आहे, स्वस्तात देतो.” इंजेक्शनच्या गाडीचा पंप सुमारे ३ बार, म्हणजे ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. तुमच्या कार्ब्युरेटरला लागतात बहुतेक वेळा २ ते ४ पीएसआय. एवढ्या दाबापुढे इवलासा नीडल व्हॉल्व्ह टिकत नाही. वाटी भरून वाहू लागते आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं. पुढे काय होईल ते सांगायला नको.

म्हणून ‘कार्ब्युरेटरसाठीचा लो प्रेशर पंप’ असंच मागा आणि दाबाचा आकडा पाकिटावर वाचून घ्या. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाशी तो जुळला पाहिजे. थोडा जास्त असेल, तर प्रेशर रेग्युलेटर लावा.

किती लिटरचा पंप, याची फार चिंता नको. हिशोब करून पाहा. गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि ताशी ६० ने धावते, तर तासाला ५ लिटर लागतात. म्हणजे मिनिटाला ८० ते ८५ मिलिलिटर, चहाच्या एका छोट्या कपाएवढं. सगळ्यात लहान पंपही याच्या कितीतरी पट देतो. मोठा पंप लावून गाडी जास्त पळत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, व्होल्टेज. बहुतेक गाड्या १२ व्होल्टच्या आहेत, पण जुन्या बीटलसारख्या काही ६ व्होल्टच्याही असतात. दुसरी, अर्थ. काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह नव्हे, तर पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरीची कोणती केबल बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहा. उलट जोडला, तर इलेक्ट्रॉनिक पंप पहिल्याच चावीला जळू शकतो.

इंजिन थांबलं, की पेट्रोल थांबलंच पाहिजे

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. जुना पंप इंजिनाबरोबर थांबायचा. इलेक्ट्रिक पंपाला इंजिनाचं काही कळत नाही. त्याला फक्त करंट कळतो. थेट चावीवरून वायर दिली, तर चावी ऑन आहे तोवर तो पेट्रोल ढकलत राहणार.

समजा, गाडीला धडक बसली. इंजिन बंद पडलं, पुढचा पाइप तुटला, चालक घाबरलेला किंवा जखमी आहे, चावी ऑनच आहे. जुना पंप असता तर थोडंसं पेट्रोल गळून थांबलं असतं. नवा पंप मात्र टाकी रिकामी होईपर्यंत तुटक्या पाइपातून गरम इंजिनावर पेट्रोल ओतत राहील. एवढ्याशा वायरिंगच्या फरकाने किरकोळ अपघाताची आग होते.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करा.

पहिला, ठिणगी ओळखणारा रिले. हा रिले इग्निशन कॉइलचे ठोके मोजतो. चावी ऑन केली, की एक-दोन सेकंद पंप चालवून वाटी भरतो. मग ठोके येत असतील तरच पंप चालू ठेवतो. इंजिन थांबलं, ठोके थांबले, की पंप बंद. कार्ब्युरेटरच्या गाडीसाठीचा आणि तुमच्या अर्थशी जुळणारा रिले मागा. काही मेकॅनिक ऑइल प्रेशर स्विचवरून हेच काम करतात. तेही चालतं, पण त्यासाठी पंपाला वेगळे टर्मिनल असलेला स्विच हवा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या साध्या स्विचवर जुगाड केलं आणि त्याची वायर तुटली, तर पंप चालूच राहू शकतो.

दुसरा, इनर्शिया स्विच. यात चुंबकाने धरलेली एक गोळी असते. जोराचा धक्का बसला, की गोळी सुटते आणि करंट तोडते. वरचं बटण दाबलं, की पुन्हा चालू. इंजेक्शनच्या अनेक जुन्या गाड्यांत तो कारखान्यातूनच असायचा. तो बॉडीला घट्ट, सरळ उभा आणि हाताला येईल अशा जागी बसवा.

मेकॅनिक म्हणेल, “कशाला एवढं? आजवर शंभर गाड्यांना थेट चावीवर दिलंय.” त्याला नम्रपणे सांगा, की एकशे एकाव्या गाडीत तुमची मुलं बसणार आहेत.

काम सुरू करण्याआधी

• काम मोकळ्या हवेत करा. अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि लांबच्या एखाद्या ठिणगीनेही पेटते.

• बॅटरीची बॉडीला जोडलेली केबल आधी काढा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या.

• जवळ पावडरचं अग्निशामक आणि बादलीभर वाळू ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नका, आग पसरते.

• टाकी जवळजवळ रिकामी असताना काम करा. काढलेलं पेट्रोल झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच नाही, घरातलं कोणीतरी ती तोंडाला लावेल.

• नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती बंद करा. थोडंसं पेट्रोल फुप्फुसात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. हातपंप फार महाग नसतो.

• लहान मुलांना लांब ठेवा. विडी-सिगारेट, उदबत्ती, ग्राइंडर, वेल्डिंग यातलं काहीही आसपास नको.

पंप बसवण्याची पद्धत

१. जागा. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूला बसवा. सायलेन्सरपासून लांब, पण इतका खाली नको, की स्पीड ब्रेकरला घासेल. डिकीच्या आत किंवा सीटखाली बसवू नका. शक्य तर आधीचीच बोल्टची भोकं वापरा, नवी पाडू नका. रबरी बुश मध्ये घातले, तर टिकटिक आत ऐकू येणार नाही. बाणाची दिशा नीट पाहा.

२. फिल्टर. टाकी आणि पंपाच्या मध्ये एक, कार्ब्युरेटरच्या आधी एक. बॉनेटखाली काचेचा फिल्टर दिसायला छान असतो, पण फुटला तर घात होतो. तो टाळा.

३. पाइप. सगळे जुने रबरी होज एकदाच बदला. इथेनॉल सहन करणारे, ‘एसएई जे३० आर९’ असं छापलेले होज घ्या. रबरी पाइप फक्त जोडापुरता, बाकी लांबी धातूच्या पाइपची. पत्र्यातून पाइप जातो तिथे रबरी ग्रोमेट हवा, नाहीतर पत्रा त्याला कापतो. क्लिप पूर्ण गोल आवळणाऱ्या घ्या. तारेने बांधणं नको.

४. जुना पंप. तो काढून त्या जागी गॅस्केटसह पत्र्याची पट्टी घट्ट बसवा, नाहीतर ऑइल उडेल. आत दांडा सुटा असेल तर तोही काढून ठेवा. काही जण जुना पंप जागेवर ठेवून इलेक्ट्रिक पंप त्याच्या आधी जोडतात. दिसायला गाडी मूळ राहते, पण आतला डायफ्रॅम फाटला, तर इलेक्ट्रिक पंप दाबाने पेट्रोल ऑइलमध्ये ओतेल. त्यापेक्षा तो वगळलेलाच बरा.

५. रेग्युलेटर. लागत असेल तर कार्ब्युरेटरच्या आधी, गरम मॅनिफोल्डपासून लांब. मीटर लावून दाब पाहा आणि मगच पक्का करा.

६. वायरिंग. बॅटरीपासून निघालेली वायर लगेच फ्यूजमधून जाऊ द्या. पंपाच्या पत्रकात सांगितलेला फ्यूजच घाला. हे छोटे पंप साधारण एक-दोन अँपिअरच घेतात, त्यामुळे मोठा फ्यूज घालून ‘एकदाचं मिटवू’ नका. फ्यूजमधून रिले, रिलेमधून इनर्शिया स्विच, तिथून पंप. पंपाची अर्थ वायर रंग खरवडून स्वच्छ पत्र्याला जोडा. अर्ध्या तक्रारी खराब अर्थमुळेच येतात. वायरला पिळा देऊन टेप गुंडाळणं इथे चालणार नाही, पंच केलेले टर्मिनल वापरा.

याच वायरवर एखादा छुपा स्विच घातलात, तर चोराला गाडी सुरू करून फार तर एखादा चौक गाठता येईल. वाटीतलं पेट्रोल संपलं, की गाडी बंद!

पहिली चाचणी

बॅटरी जोडा. अग्निशामक हाताशी ठेवा. मेकॅनिकला रिले तात्पुरता वगळून एक मिनिट पंप चालवायला सांगा. आधी टिकटिक जलद येईल, वाटी भरली की मंद होईल. ती मंद होतच नसेल, तर पेट्रोल कुठेतरी वाहतं आहे, लगेच बंद करा. प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवा. ओला झाला तर जोड पुन्हा आवळा. मग रिले परत लावायला विसरू नका.

आता गाडी सुरू करा, १५-२० मिनिटं एकाच जागी चालू ठेवा, पूर्ण गरम होऊ द्या आणि पुन्हा सगळे जोड पाहा.

त्यानंतरची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडा. इंजिन दचकून बंद पडेल. चावी ऑनच ठेवा. घरातल्या कोणाला तरी मागे पंपापाशी कान देऊन उभं करा. दोन-तीन सेकंदांत टिकटिक थांबली, तर काम बरोबर झालं. थांबली नाही, तर गाडी गॅरेजबाहेर काढू नका, वायरिंग पुन्हा तपासून घ्या. ऐकून झालं, की चावी लगेच बंद करा. इंजिन बंद असताना चावी ऑन राहिली, तर कॉइल तापते.

कागदपत्रं आणि जुना पंप

काढलेला पंप फेकू नका. पेट्रोल पूर्ण निथळू द्या, पुसा, बोल्ट आणि गॅस्केटसह डब्यात ठेवा आणि वर गाडीचा नंबर लिहा. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात आणायची असेल, तर तासाभरात आणता येईल. जुन्या गाड्यांच्या रॅलीत मूळ सुट्या भागांना मान असतो.

५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा ही त्यातली अट आहे. तुम्ही अशी नोंदणी करणार असाल, तर आधी आरटीओत विचारून घ्या आणि केलेल्या कामाची बिलं, फोटो जपून ठेवा. विमा कंपनीलाही बदल कळवा.

घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा

गाडी कुटुंबाची असते, म्हणून ही माहिती एकट्याच्या डोक्यात नको. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला चार गोष्टी ठाऊक हव्यात. गाडी बंद पडली किंवा धडक बसली, की पहिलं काम चावी बंद करणं. इनर्शिया स्विच कुठे आहे. खड्ड्यात जोरात आदळून तो पडला, तर बटण दाबण्याआधी खाली वाकून वास घ्यायचा आणि जमीन पाहायची, पेट्रोलचा मागमूस नसेल तरच बटण दाबायचं. आणि अग्निशामक कुठे ठेवलं आहे, त्याची पिन कशी काढायची.

बसवल्यानंतर महिनाभर दर आठवड्याला जोड पाहा. पहिला फिल्टर लवकर बदलावा लागेल, कारण नवं पेट्रोल टाकीतला जुना थर सोडवून आणतं. मग वर्षातून एकदा सगळे होज हाताने दाबून पाहा. चिकट लागले किंवा तडा दिसला, तर लगेच बदला. त्यासाठी दिवसही सोपा आहे. दसऱ्याला, बंगळुरूतल्या आयुधपूजेला, गाडी धुऊन झेंडूचा हार घालताच ना? त्याच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडा, होज पाहा आणि ती गाडी बंद पाडून पंपाचा आवाज ऐकण्याची परीक्षा पुन्हा एकदा घ्या. पाच मिनिटं पुरतात.